रक्तातले खबरे

ताप आला की घरोघरी चौकशी सुरू होते. "पावसात भिजलास ना?" "काल गाड्यावरची भेळ कुणी खाल्ली?" "घसा दाखव बघू, आ कर!" मग कपाळावर हात, काखेत थर्मामीटर आणि पाठोपाठ आजीचा काढा. नाक गळत असेल तर सर्दीचा ताप, पोट बिघडलं असेल तर पोटाचा ताप. पण कधी कधी गंमतच होते. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, घसाही स्वच्छ. आणि पारा मात्र १०२-१०३ वर जाऊन बसलेला! अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा असतो. तो फारसा कुणी विचारत नाही आणि ज्याला ताप आहे तोही आपण होऊन त्याचं उत्तर देत नाही. तो प्रश्न म्हणजे, "काय रे, शू करताना जळजळतं का?"

हसलात ना? हसा, हसा! पण सगळी अडचण या हसण्यातच आहे. हात मोडला तर आपण प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेत मिरवतो. लघवीला त्रास होतोय हे मात्र आईच्यासुद्धा कानात सांगतो, आणि तेही दोन दिवसांनी. हे दोन दिवस फार मोलाचे असतात. का, ते आज पाहू या. त्यासाठी आपल्याच रक्तात फिरणाऱ्या काही खबऱ्यांची ओळख करून घ्यायची आहे. जंतू शरीरात किती खोलवर शिरलेत, याची बातमी हे खबरे काही तासांत डॉक्टरांपर्यंत पोहोचवतात. फक्त त्यांना कुणीतरी वेळेवर विचारायला हवं.

दोन गाळण्या आणि एक टाकी

आधी जागेची पाहणी करू. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, राजम्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडं असतात. यांनाच आपण किडनी म्हणतो. मोठ्या माणसाची किडनी दहा-बारा सेंटिमीटर लांब आणि वजनानं साधारण १५० ग्रॅम. एवढ्याशा अवयवात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या! त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आणि उपयोगी पदार्थ परत रक्तात जातात. नको असलेला माल तेवढा दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर पडतो.

ही लघवी दोन बारीक नळ्यांमधून थेंबाथेंबानं खाली उतरते आणि ओटीपोटातल्या मूत्राशयात साठते. मूत्राशय म्हणजे आपली टाकी. टाकी भरत आली की मेंदूला निरोप जातो आणि वर्गात आपली करंगळी वर होते!

लक्षात घ्या, या सगळ्या रस्त्यावरची वाहतूक एकाच दिशेनं चालते. वरून खाली, आतून बाहेर. जंतू मात्र नेमके उलटे येतात. खालून वर.

उलटा चढणारा पाहुणा

या जंतूंपैकी बहुतेक वेळा सापडणाऱ्याचं नाव आहे ई. कोलाय. १८८५ मध्ये म्युनिकमध्ये काम करणाऱ्या थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या बाळांच्या शीमध्ये तो पहिल्यांदा पाहिला. त्यांच्याच आडनावावरून त्याला एशेरिशिया कोलाय हे नाव मिळालं. तो आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात राहतो आणि तिथं सहसा कुणाला त्रास देत नाही. पण तोच जर शीच्या जागेवरून शूच्या जागेत शिरला, तर मग गडबड होते.

लघवीच्या धारेबरोबर तो वाहून कसा जात नाही? त्याच्या अंगावर केसांहूनही कितीतरी बारीक तंतू असतात. रानातून हिंडून आलं की कपड्यांना कुसळं चिकटतात ना, तसा तो या तंतूंनी आतल्या भिंतीला चिकटून बसतो. आणि त्याची वाढ? सगळं मनासारखं मिळालं तर दर वीस मिनिटांनी एकाचे दोन! करा बरं हिशेब. वीस मिनिटांनी दोन, चाळीस मिनिटांनी चार, तासाभरानं आठ. सात तासांनी किती? वीस लाखांच्या वर! लघवीत तो इतक्या वेगानं वाढेलच असं नाही. पण टाकी वेळच्या वेळी रिकामी करणं का महत्त्वाचं आहे, ते यावरून कळतं.

जन्मानंतरचे पहिले काही महिने सोडले, तर हा त्रास मुलांपेक्षा मुलींना जास्त होतो. कारण साधं आहे. मूत्राशयातून बाहेर येणारी नळी पुरुषांमध्ये सुमारे वीस सेंटिमीटर लांब असते आणि बायकांमध्ये जेमतेम चार. जंतूला चढायला जिना छोटा! यात मुलीची काही चूक नसते आणि ती अस्वच्छ असते असंही नाही. शरीराची रचनाच तशी आहे.

अंगणात की घरात?

आता खरा मुद्दा. जंतू मूत्राशयातच राहिले, तर लघवीला जळजळतं, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं. ताप नसतो किंवा बारीकसा असतो. हा त्रास नकोसा असला तरी योग्य औषधानं लवकर आटोपतो.

पण जंतू नळ्यांमधून वर किडनीत पोहोचले तर? काही मुलांमध्ये नळी आणि मूत्राशय जिथं जुळतात, तिथली झडप थोडी कमजोर असते. त्यामुळं लघवी उलटी वर जाते आणि जंतूंना आयतीच गाडी मिळते. मग थंडी वाजून जोराचा ताप येतो, बरगडीच्या खाली पाठीत दुखतं, उलट्या होतात. किडनीत रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. तिथून जंतू रक्तात शिरले, तर सगळ्या शरीराची यंत्रणाच बिघडू शकते. याला सेप्सिस म्हणतात आणि त्यात जिवाला धोका असतो. तेवढं झालं नाही तरी जंतूंशी झालेल्या लढाईत किडनीवर व्रण राहू शकतो. गुडघ्यावर पडल्याचा व्रण तुम्ही पाहिला असेल. तिथं पुन्हा पूर्वीसारखी कातडी येत नाही. किडनीत जिथं व्रण पडतो, तिथल्या गाळण्या कायमच्या बंद होतात. असे व्रण जास्त झाले तर पुढे मोठेपणी रक्तदाब वाढण्याची भीती असते.

म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी हव्या असतात. लघवीत जंतू आहेत का? आणि ते अंगणातच आहेत की घरात शिरलेत? मूत्राशय हे अंगण धरा आणि किडनी हे घर. दहा वर्षांची मुलगी "पाठीत दुखतंय" असं सांगू शकेल. पण पाच महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते नुसतं रडतं, दूध पीत नाही, तापानं फणफणतं. बस्स!

चायना ग्रासवरची पेरणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लघवीतच असतं. रासायनिक कागदाची एक पट्टी लघवीत बुडवली की काही मिनिटांत तिचा रंग बदलतो आणि जंतूंची शंका येते. पण पक्कं उत्तर हवं तर लघवीचं कल्चर करावं लागतं. कल्चर म्हणजे चक्क जंतूंची शेती! काचेच्या बशीत अगार नावाची जेली पसरायची, त्यावर लघवीचा अंश पेरायचा आणि बशी शरीराइतक्या उबेत ठेवून द्यायची.

हे अगार तुमच्या ओळखीचं आहे बरं का. घरी चायना ग्रासची जेली किंवा पुडिंग करतात ना, तेच ते! समुद्री शेवाळापासून ते बनतं. १८८१ च्या सुमाराला जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याबरोबर काम करणारे वॉल्थर हेस जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे. उन्हाळ्यात ते वितळून जायचं आणि सगळा प्रयोग पाण्यात! त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवलं की मी जेलीत घालते ते अगार वापरून बघा. स्वयंपाकघरातली ती युक्ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी जंतूंचा हिशेब मांडला. एका मिलिलिटर लघवीत एक लाखाहून जास्त जंतू सापडले, तर तो खरा संसर्ग समजावा, असा त्यांचा आडाखा होता. डॉक्टर अजूनही तो आकडा लक्षात ठेवतात.

पण शेती म्हटली की थांबणं आलंच. पीक उगवायला, जंतू कोणता ते ठरवायला, कोणत्या औषधानं तो मरतो ते बघायला २४ ते ४८ तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय जंतू अंगणातले की घरातले, हे बशीला कळत नाहीच. ते कळायला रक्ताकडे जावं लागतं.

म्हातारा खबऱ्या

जंतू किडनीत शिरले की शरीराला ते कळतंच. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी रक्तात रासायनिक आरोळी ठोकतात. यकृताला निरोप जातो, नवीन पांढऱ्या पेशी तयार होऊ लागतात, अंग तापतं. या धावपळीत रक्तात काही पदार्थ वाढतात. ते मोजले की आत काय चाललंय याचा अंदाज येतो. हेच आपले खबरे.

त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणजे ई.एस.आर. तुमच्या घरातल्या एखाद्या रिपोर्टवर तुम्ही हे नाव वाचलं असेल. रक्त एका उभ्या, बारीक नळीत तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं, इतकी ही साधी तपासणी. शरीरात दाह असेल तर रक्तात काही चिकट प्रथिनं वाढतात. मग लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. स्वीडनच्या अल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये सांगितलेली ही पद्धत अजूनही वापरात आहे.

हा म्हातारा प्रामाणिक आहे, पण चालतो हळू. वाढायला वेळ घेतो आणि आजार बरा झाला तरी खाली उतरायला कित्येक दिवस लावतो. तातडीच्या बातमीसाठी त्याच्याहून चपळ खबऱ्या हवा.

न्यूयॉर्कचं कोडं

असा खबऱ्या सापडला १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. तेव्हा अजून पेनिसिलिन औषध म्हणून कुणाला मिळत नव्हतं. न्यूमोनिया झाला की माणूस वाचेल की नाही, हे बरंचसं नशिबावर असायचं. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन डॉक्टर न्यूमोनियाच्या जंतूंपासून वेगवेगळे अंश काढून ते रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळून पाहत होते. त्यातल्या 'सी' नावाच्या अंशानं त्यांना कोड्यात टाकलं. ऐन आजारात असलेल्या रुग्णाच्या रक्तद्रवात 'सी' घातला की साका धरायचा. तोच रुग्ण बरा झाल्यावर मात्र काहीच व्हायचं नाही!

हे उलटंच होतं. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं आजार उतरता उतरता वाढतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग आजाराच्या भरात हजर आणि बरं वाटताच गायब, असा हा कोण? तो होता एक प्रथिन. 'सी'बरोबर क्रिया करणारा, म्हणून त्याचं नाव पडलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. आज सगळे त्याला सी.आर.पी. म्हणतात. पुढे कळलं की तो फक्त न्यूमोनियात नाही, तर जंतूंच्या कितीतरी आजारांत वाढतो.

सी.आर.पी. यकृतात तयार होतो. निरोप मिळाल्यावर सहा ते बारा तासांत तो रक्तात वाढू लागतो आणि दोन दिवसांच्या आत शिखर गाठतो. एरवी एका लिटर रक्तद्रवात त्याचं प्रमाण सहसा दहा मिलिग्रॅमच्या आत असतं. जोराच्या संसर्गात ते शे-दोनशेच्या पार जातं. आणि कारण संपलं की सुमारे १९ तासांत तो निम्मा होतो. म्हणून औषध लागू पडतंय की नाही, हेही त्याच्याकडून कळतं.

पॅरिसची ७९ मुलं

तिसरा खबऱ्या आणखी चपळ. त्याचं नाव जरा लांबलचक आहे, प्रोकॅल्सिटोनिन. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक बनतं. ते रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवतं. प्रोकॅल्सिटोनिन हा त्याचा कच्चा माल. कच्चा माल कारखान्यातच वापरला जातो, म्हणून निरोगी माणसाच्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. एका मिलिलिटरमध्ये ०.१ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग!

१९९३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी संसर्गाची शंका असलेल्या ७९ मुलांचं रक्त तपासलं. काही नुकतीच जन्मलेली, तर काही बारा वर्षांपर्यंतची. त्यांचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. ज्या १९ मुलांना जंतूंचा गंभीर संसर्ग होता, त्यांच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन ६ ते ५३ नॅनोग्रॅम निघालं. ज्यांना संसर्गच नव्हता, त्यांच्यात ०.१ च्या आत. औषध सुरू होताच आकडा भराभर उतरला. जंतूंचा हल्ला झाला की शरीराचे कितीतरी भाग हा कच्चा माल तयार करू लागतात, आणि तेही तीन-चार तासांत! विषाणूंच्या तापात मात्र तो सहसा फारसा वाढत नाही.

मग प्रश्न आला की किडनीतला संसर्ग हा खबऱ्या ओळखेल का? १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग झालेल्या मुलांचं रक्त तपासलं. ज्यांच्या किडनीत जंतू पोहोचले होते, त्यांचा सरासरी आकडा पाचाच्या वर आला. ज्यांच्यात ते खालीच होते, त्यांचा अर्ध्याहूनही कमी. अंगण आणि घर यांतला फरक रक्तानं दाखवून दिला!

खबऱ्या म्हणजे न्यायाधीश नव्हे

इथं थोडं थांबू. खबऱ्यानं सांगितलं म्हणून पोलीस कुणालाही लगेच फासावर देत नाहीत. शहानिशा करतात. डॉक्टरही तेच करतात.

कारण सी.आर.पी. जरा जास्तच बडबड्या आहे. किडनीत जंतू शिरले की तो वाढतो. पण न्यूमोनियातही वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, सांध्यांच्या काही आजारांतही वाढतो. "काहीतरी पेटलंय" एवढं तो ओरडून सांगतो. कुठं, ते सांगत नाही.

मग या खबऱ्यांची परीक्षा घ्यायची कशी? त्यासाठी डी.एम.एस.ए. नावाचं एक खास स्कॅन असतं. किडनीत जाऊन बसणाऱ्या औषधाला अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ जोडून ते शिरेतून देतात आणि कॅमेऱ्यानं टिपतात. जिथं संसर्ग असतो, तिथं औषध नीट पोहोचत नाही आणि फोटोत रिकामे डाग दिसतात. ही सोय सगळीकडे नसते आणि ती प्रत्येक मुलाला लागतही नाही. पण खबऱ्यांची बातमी खरी की खोटी, हे तिच्याशी ताडून पाहता येतं.

कोक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून त्यांचा ताळा मांडते. २०२० मध्ये तिनं या खबऱ्यांचा ताळा पुन्हा मांडला. समजा, किडनीत संसर्ग असलेली शंभर मुलं आहेत. सी.आर.पी. वीस मिलिग्रॅमच्या वर गेला की धोका धरायचा असं ठरवलं, तर त्यातली नव्वदहून जास्त मुलं तो बरोबर पकडतो. शाबास! पण ज्यांचा संसर्ग खालीच आहे अशी शंभर मुलं घेतली, तर त्यातल्याही साठांहून अधिक मुलांबद्दल तो उगाचच घंटा वाजवतो. प्रोकॅल्सिटोनिन ऐंशीहून जास्त खरी मुलं पकडतो आणि खोटी घंटा वाजवतो ती सुमारे चोविसांबद्दल. म्हणजे हा कमी बोलतो, पण बोलला तर जास्त भरवशाचं बोलतो. तरीही ताळ्याचा निष्कर्ष असा, की कोणताही एकटा खबऱ्या निकाल देण्याइतका पक्का नाही.

मग उपयोग काय? उपयोग आहे तर! ताप, पाठीतलं दुखणं, लघवीची पट्टी, पांढऱ्या पेशींची संख्या आणि हे खबरे अशा सगळ्यांच्या साक्षी एकत्र जुळवल्या, की कल्चरची वाट न पाहता डॉक्टरांना पहिला निर्णय घेता येतो. या मुलाला रुग्णालयात ठेवायचं की घरी औषध पुरे? इंजेक्शन की गोळ्या? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं ८ ते ६० दिवसांच्या तापाच्या बाळांसाठी नियम घालून दिले. त्यात सी.आर.पी. आणि प्रोकॅल्सिटोनिन या दोघांनाही जागा आहे. बोलता न येणाऱ्या बाळाच्या वतीनं त्याचं रक्त बोलतं, असंच म्हणा ना!

आणि सुईची भीती वाटत असेल, तर सांगतो. या तपासण्यांना चहाचा चमचाभरसुद्धा रक्त लागत नाही.

एका दिवसाची किंमत

एवढी घाई कशासाठी? २०१६ मध्ये अमेरिकेत लघवीचा संसर्ग झालेल्या सहा वर्षांखालच्या ४८२ मुलांची माहिती तपासली गेली. त्यातल्या ३५ मुलांच्या किडनीवर नवे व्रण आढळले. आता अशी कल्पना करा. या ३५ मुलांना, औषध मिळेपर्यंत किती तास ताप होता त्या क्रमानं, एका रांगेत उभं केलं. रांगेच्या बरोब्बर मध्ये उभ्या मुलाला ७२ तास ताप होता. ज्यांना व्रण पडले नाहीत त्यांची तशीच रांग केली, तर मधल्या मुलाचा ताप ४८ तासांचा होता. दोन्हींत फरक किती? चोवीस तास!

आता तुमच्या लक्षात आलं असेल. प्रोकॅल्सिटोनिन तीन-चार तासांत जागं होतं, सी.आर.पी. बारा तासांत. पण मुलगा किंवा मुलगी दोन दिवस गप्प बसली, तर सगळे खबरे जागेवर असूनही त्यांना विचारायला कुणी येतच नाही. सगळ्यात पहिला खबऱ्या तुम्हीच असता!

करंगळीची लाज

शाळेत काय होतं, ते तुम्हालाच जास्त माहीत. करंगळी वर केली की मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू येते. कुठं कुठं मुलींच्या बाथरूमला कडी नसते, नळाला पाणी नसतं, वासानं आत पाऊल टाकवत नाही. मग मुली एक तोडगा काढतात. पाणीच प्यायचं नाही! सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी येते. शाळेत जायचं ते टाळून घर येईपर्यंत कळ सोसायची. हा तोडगा ई. कोलायला फार आवडतो. कमी पाणी, साठलेली लघवी आणि न येणारी धार. त्याला आणखी काय हवं?

म्हणून काही गोष्टी आजपासून करून बघा. शाळेत नेलेली बाटली शाळेतच संपवा. मधल्या सुट्टीत शूला जाऊन या, लागली असो वा नसो. घाई न करता टाकी पूर्ण रिकामी होऊ द्या. शी झाल्यावर धुताना हात पुढून मागे न्या, मागून पुढे नको. पालेभाजी, फळं खा, कारण बद्धकोष्ठ असलं की मूत्राशयही नीट रिकामं होत नाही. आणि बाथरूम घाण असेल तर सगळ्यांनी मिळून वर्गशिक्षकांना सांगा. वाटल्यास अर्ज लिहा. ही तक्रार करण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. वर्गात कुणी करंगळी वर केली तर हसायचं नाही, एवढं मुलांनीही ठरवून टाकावं.

आणि जळजळ झाली, लघवी लालसर किंवा गढूळ दिसली, पाठीत दुखून थंडीताप आला, तर त्याच दिवशी सांगा. आईला, बाबांना, आजीला, बाईंना, जे जवळ असेल त्याला.

आई-बाबांसाठी चार शब्द

मुलाला ताप आहे आणि त्याचं कारण सापडत नाही, तर "लघवी तपासायची का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी वाट पाहू नका. तडक डॉक्टरांकडे जा.

घरात उरलेलं अँटिबायोटिक आपल्या मनानं देऊ नका. लघवीचा नमुना शक्यतो औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यायचा असतो. नंतर घेतला तर जंतू लपून राहतात आणि कल्चर फसतं. जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधल्या धारेची लघवी प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्या आणि लगेच पोहोचवा.

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आकड्यापुढचा बाण पाहून घाबरू नका आणि बाण नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. सी.आर.पी.च्या आकड्याचं एकक नीट वाचा. काही प्रयोगशाळा तो लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. लिटरमागे वीस मिलिग्रॅम म्हणजे डेसिलिटरमागे दोन! दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करताना इथंच घोटाळा होतो. शेवटी खबऱ्यांची बातमी वाचणं हे डॉक्टरांचं काम. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला, तरी सांगितलेले दिवस पुरे करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलगा किंवा मुलगी लाजत लाजत कानाशी येऊन "शूला दुखतंय" म्हणाली, तर हातातलं काम बाजूला ठेवा. "आधी का नाही सांगितलंस?" असं रागावू नका. "बरं झालं सांगितलंस" म्हणा, आणि डॉक्टरांकडे निघायची तयारी करा.